जर्मनीत पीएचडीला येताना कॅन्सरचा डेटा सोबत आणायचा का?

तुम्ही पुण्याहून हायडेलबर्गला कॅन्सर मल्टि-ओमिक्समध्ये (एकाच गाठीतले डीएनए, आरएनए, प्रथिनं असे थर एकत्र अभ्यासणं) पीएचडीसाठी येताय आणि दोन गोष्टी विचारल्यात: कोणते डेटाबेस शिकून यावेत, आणि उतरवलेला डेटा हार्ड डिस्कवर आणावा का.

डिस्कचं आधी. आणू नका. खुला डेटा इथूनही तसाच उतरतो. रुग्णांच्या मूळ सीक्वेन्सच्या बॅम फाइल्स आणि जन्मजात म्युटेशन्स हा नियंत्रित, म्हणजे परवानगीनेच मिळणारा डेटा. त्याची डीबीगॅपची (अमेरिकी सरकारचा जीनोम डेटाचा साठा) परवानगी गाइड आणि संस्थेच्या नावावर, ठरावीक प्रकल्पापुरती, वर्षभराची असते. पुण्यातल्या लॅबची परवानगी तुमच्यासोबत विमानात बसत नाही. युरोपातल्या ईजीए या जीनोम डेटाच्या साठ्यावर तर प्रत्येक डेटासेटची परवानगी त्या-त्या समितीकडून घ्यावी लागते. म्हणून लॅबकडे कशाकशाची परवानगी आहे, हे नव्या गाइडना आत्ताच ईमेलवर विचारून घ्या.

शिकायला टीसीजीए हा अमेरिकेचा कॅन्सर जीनोम संच पुरे: 33 प्रकारचे कॅन्सर, 11,000 हून अधिक रुग्ण. एखाद्या जीनचा झटपट अंदाज घ्यायला सीबायोपोर्टल, तयार तक्ते हवे असतील तर झीना, मास स्पेक्ट्रोमेट्रीने मोजलेल्या प्रथिनांसाठी सीपीटॅक. मूळ फाइल्स जीडीसी या अमेरिकी कॅन्सर डेटा पोर्टलवर. हे सगळं वापरायला आठवडाभरात जमतं.

घोळ होतो तो जुळवणीत. टीसीजीए बारकोडची (प्रत्येक नमुन्याचा ओळख क्रमांक) पहिली 12 अक्षरं (मधल्या रेघा धरून) म्हणजे रुग्ण; 14वं-15वं म्हणजे नमुन्याचा प्रकार. 01 मूळ गाठ, 06 पसरलेली गाठ, 11 शेजारचा निरोगी ऊतक. फक्त 12 अक्षरांवर तक्ते जोडले की गाठीच्या मेथिलेशनसमोर (डीएनएवरच्या रासायनिक खुणा) निरोगी ऊतकाचं आरएनए येऊन बसतं, आणि एरर काही येत नाही! जीनच्या एन्सेम्बल आयडीमागची टिंबानंतरची आवृत्तीही काढावी लागते. काढल्यावर वाय क्रोमोसोमच्या काही जीन्सच्या दुहेरी ओळी तयार होतात, त्या आधीच गाळा.

जीडीसीवर संदर्भ जीनोमची आवृत्ती जीआरसीएच 38, सीबायोपोर्टलच्या पॅन-कॅन्सर संचात 37. म्युटेशन्सचे स्थानांक थेट जोडू नका. यूट्यूबवरचे जुने धडे टीसीजीएबायोलिंक्स या आर पॅकेजमध्ये ‘एचटीसेक’ काउंट्स (जीननिहाय आरएनएची मोजणी) मागायला सांगतात. मार्च 2022 पासून तिथे ‘स्टार – काउंट्स’ आहे, म्हणून ती कोडओळ चालत नाही. झीनावरचे जीडीसी काउंट्स लॉग-2 (काउंट + 1) केलेले असतात. जीन्सच्या पातळीतला फरक काढणाऱ्या डीईसेक-2 ला पूर्णांक लागतात, तेव्हा आधी उलटवून घ्या.

सरावाला स्तनाचा कॅन्सर घ्या. आरएनए, म्युटेशन, कॉपी नंबर (जीनच्या प्रतींची संख्या), मेथिलेशन हे चारही थर असलेले 01 नमुने किती उरतात ते मोजा. मेथिलेशनचे 27 हजारी आणि 450 हजारी ॲरे (मोजणीच्या चिप) एकत्र केलेत तर रुग्णांऐवजी ॲरेचेच दोन गट पडतील. आणि सर्व्हायव्हलचा आलेख एकूण आयुर्मानावर काढू नका. या संचात रुग्णांचा पाठपुरावा तोकडा आहे, मृत्यू कमी नोंदलेत. त्याऐवजी पीएफआय (आजार पुन्हा बळावेपर्यंतचा काळ) घ्या.