बाबांच्या कॅलेंडरचा फोटो काढ

पत्र : मॅडम, मी बडोद्यात बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घर दांडिया बाजारात, बाबांचं मंगळबाजारात दुकान. चार महिने झाले, आठवड्याचं नियोजन करायचं एक साधं वेब-अ‍ॅप करतेय. एका पानावर सात रकाने. काम लिहायचं, झालं की खोडायचं, बस. मैत्रिणी म्हणतात लॉगिन, रिमाइंडर, एआय टाक, नाहीतर कोण बघणार? बाबा म्हणतात भिंतीवर कॅलेंडर आहे की, बँकेच्या परीक्षेला लाग. शिवाय एक बग छळतोय : रात्री उशिरा लिहिलेलं काम कधीकधी आदल्या दिवसाच्या रकान्यात जाऊन बसतं. हे सगळं सोडून द्यावं, की सेमिस्टर ड्रॉप करून यातच उतरावं?

उत्तर : सेमिस्टर ड्रॉप करू नकोस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत बोलता येईल.

या अ‍ॅपवर पोट भरेल अशी आशा धरू नकोस. कॅलेंडर प्रत्येकाच्या फोनमध्ये फुकट येतं. पण नोकरी मागायला जाताना दाखवायची वस्तू म्हणून ते छान आहे, एका अटीवर : ते पुरं झालेलं हवं आणि कुणीतरी खरंच वापरत असायला हवं. कामांची यादी करणारं अ‍ॅप व्हिडिओ बघून सगळेच करतात. माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या रिझ्यूमेत ते असतं, आणि ते करणारा स्वतःसुद्धा ते वापरत नसतो.

तुझा बग मला फार आवडला. तो बहुतेक रात्री बारा ते पहाटे साडेपाचच्या मध्येच येत असणार, तपासून बघ. जावास्क्रिप्ट या वेब-अ‍ॅपच्या भाषेत टू-आयएसओ-स्ट्रिंग ही आज्ञा वापरून तारीख काढलीस तर ती ग्रिनिचच्या घड्याळाची मिळते, आणि आपण साडेपाच तास पुढे. तू मंगळवारी रात्री एक वाजता लिहितेस तेव्हा तिकडे अजून सोमवारच असतो. तारीख स्थानिक वेळेवरून घे, सुटेल.

त्याच्या शेजारीच आणखी एक खड्डा आहे. जावास्क्रिप्ट रविवारला शून्य धरते, आपल्या घरातली कॅलेंडरंही बहुधा रविवारपासून सुरू होतात, पण आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या हिशेबात आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षाचा पहिला गुरुवार ज्यात येतो तो पहिला आठवडा. त्यामुळे 1 जानेवारी 2027 चा शुक्रवार 2026 च्या 53व्या आठवड्यात पडतो. साल आणि आठवड्याचा क्रमांक अशी जोडी करून साठवत असशील तर नव्या वर्षात घोळ होईल. त्यापेक्षा आठवड्याच्या पहिल्या दिवसाची तारीख साठव. मुलाखतीत कुणी ‘अडचण काय आली?’ विचारलं की या दोन गोष्टी सांगायच्या. दहा मिनिटं सहज जातात.

मैत्रिणींच्या यादीतलं काही घेऊ नकोस. लॉगिन आलं की सर्व्हर आला, पासवर्ड आले, लोकांची माहिती सांभाळायची जबाबदारी आली. एक गोष्ट मात्र तुझ्याकडे हवी आणि ती कुणीच सुचवलेली नाही : सगळं एका फाईलमध्ये उतरवून घ्यायचं बटण. तू ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे वापरणाऱ्याच्याच फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरवर, साठवत असशील, तर तिथे साधारण पाच एमबी जागा मिळते. मजकुराला ती रगड. पण सफारीत, म्हणजे आयफोनच्या ब्राउझरमध्ये, वापरणाऱ्याने सात दिवस तुझं पान उघडलंच नाही, तर तो साठा पुसला जाऊ शकतो (पान होम स्क्रीनवर ठेवलेलं असेल तर वाचतो). आठवड्याचं अ‍ॅप, आणि आठवडाभर न उघडल्याची ही शिक्षा!

आता बाबा. ‘भिंतीवर कॅलेंडर आहे की’ हे तू टोमणा म्हणून लिहिलंयस, मला ते तुझ्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य वाटलं. त्या कॅलेंडरचा फोटो काढ. त्यावर काय काय लिहिलंय? दुधाचे खाडे, सिलिंडर कधी लावला, कुठल्या व्यापाऱ्याचे पैसे कधी द्यायचे. चौकोनाबाहेर काय गेलंय? काय गोल करून ठेवलंय? एकदा लिहिलेलं पुढच्या महिन्यात परत लिहिलंय का? तुझ्या सात रकान्यांत यातलं काय मावत नाही ते बघ. मग डबे करणाऱ्या एखाद्या काकूंना विचार, त्या आठवड्याची भाजी कशी ठरवतात. नवरात्रात गरब्याच्या नऊ रात्री तुझ्या स्वतःच्या आठवड्याचं काय होतं तेही लिहून ठेव.

प्ले स्टोअरवर जायचं झालं तर नोंदणीचे 25 डॉलर एकदाच भरावे लागतात, आणि नव्या वैयक्तिक खात्याला आधी बारा जणांकडून सलग 14 दिवस चाचणी करून घ्यावी लागते. पैशांपेक्षा बारा माणसं टिकवणं अवघड. दुकानातून सुरुवात कर.

पुढच्या शिक्षणाचं थोडक्यात. बग शोधण्यात रात्र गेली तरी चालते असं असेल, तर एमसीए. एनआयटीतल्या एमसीएसाठी निमसेट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. रकान्यांमधल्या मोकळ्या जागेवर आणि अक्षराच्या आकारावर जास्त वेळ गेला असेल, तर सीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एम.डेस.चा, म्हणजे डिझाइनमधल्या पदव्युत्तर पदवीचा, विचार कर. सीडला तीन वर्षांची पदवी चालते, पण प्रवेशाची अट प्रत्येक आयआयटीची वेगळी, ती आधी बघ. बाबांना हेही सांग, की बँकांच्या भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या स्पेशालिस्ट ऑफिसर भरतीत आयटी अधिकाऱ्याचं पद असतं आणि त्याला एमसीए चालतं. बँक आणि कॉम्प्युटर यांत आजच भांडण लावायची गरज नाही, पदवी दोन्हीकडे लागतेच.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत एवढंच कर : बग, फाईलचं बटण, आणि अ‍ॅप खरंच वापरणारी पाच माणसं. मग मला लिही, आणि फोटोत काय सापडलं ते आधी लिही.