शोधनिबंध खुला करायचा, पण कशासाठी?

प्रश्न असा आहे: जर्नल खुल्या प्रकाशनासाठी, म्हणजे निबंध कुणालाही फुकट वाचता यावा यासाठी, मोठं शुल्क मागतंय, मार्गदर्शक म्हणतात खुलं कराच, यातून नेमकं साधतं काय? आधी हेतू ठरवा. काय खुलं करायचं हे त्यावरच ठरतं.

वर्गणी न परवडणाऱ्यांनाही निबंध वाचता यावा, एवढाच हेतू असेल तर शुल्क बहुधा लागणार नाही. परीक्षकांच्या सूचनांनंतर स्वीकारलेली, पण जर्नलने मांडणी न केलेली प्रत विद्यापीठाच्या रिपॉझिटरीत, म्हणजे ऑनलाइन संग्रहात, ठेवा. पुष्कळ प्रकाशक ही मुभा देतात; काही ६ ते २४ महिने थांबायला लावतात. हटकून होणारी चूक म्हणजे जर्नलची पीडीएफ चढवणं. तिचे हक्क करारात प्रकाशकाला दिलेले असतात, मग ती उतरवावी लागते. स्वीकृतीच्या दिवशीच आपली फाईल जपून ठेवा.

पडताळणी हा हेतू मला सर्वांत मोलाचा वाटतो आणि नुसत्या निबंधाने तो पुरा होत नाही. राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांच्या कर्ज-विकासदरावरच्या २०१० च्या निबंधात सरासरीच्या सूत्रातून ५ देश सुटले होते. २०१३ मध्ये एका विद्यार्थ्याला मूळ एक्सेल फाईल मिळाली तेव्हा ते उघडकीस आलं. छापील निबंधावरून ते कळणं शक्य नव्हतं. म्हणून कच्चा डेटा सीएसव्हीमध्ये (कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्याच्या फाईलमध्ये) द्या, सोबत कोड, वापरलेल्या पॅकेजेसच्या आवृत्त्या आणि प्रत्येक स्तंभाचा अर्थ व एकक सांगणारी रीडमी फाईल. झेनोडो या ऑनलाइन संग्रहात ठेवलंत तर डीओआय, म्हणजे संदर्भासाठीचा कायमस्वरूपी ओळख क्रमांक, फुकट मिळतो. ‘मागितल्यास डेटा देऊ’ या वाक्यावर विसंबू नका; ईमेल बदलतात, लॅपटॉप बिघडतात.

कल्पना कुणी पळवेल ही भीती रास्त आहे. पण अर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावर १९९१ पासून प्रीप्रिंटवर, म्हणजे जर्नलमध्ये छापण्याआधीच्या मसुद्यावर, तारीख पडते, आणि तीच तुमच्या अग्रक्रमाचा पुरावा असते.

इतरांनी पुढे वापरावं असं वाटत असेल तर परवाना स्पष्ट लिहा. तो नसेल तर भाषांतरासाठीसुद्धा परवानगी मागावी लागते. सीसी बाय, म्हणजे श्रेय देऊन कुणीही वापरावं असा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना, पुरेसा आहे, श्रेय तुमचंच राहतं. ‘व्यावसायिक वापर नको’ ही अट विचार करूनच घाला, तिच्यामुळे पाठ्यपुस्तकवालेही अडतात.

रुग्णांच्या नोंदी मात्र संमतिपत्रात तशी परवानगी असल्याशिवाय खुल्या करू नका. नावं काढली तरी वय, गाव आणि दुर्मिळ आजार एकत्र आले की माणूस ओळखता येतो. अशा वेळी फक्त वर्णन आणि कोड खुले ठेवा, आणि डेटा कोणाला, कोणत्या अटींवर मिळेल ते तिथेच लिहा.