ताई, पदवी पाटीसाठी हवी की ओपीडीसाठी?

ताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: एमबीबीएस होऊन नऊ वर्षं शहाद्याला दवाखाना, नीट पीजी ही एमडी-डिप्लोमाची प्रवेशपरीक्षा दोनदा दिली, घरी दोन लहान मुलं. आता परदेशी विद्यापीठाची मधुमेहातली दोन वर्षांची ऑनलाइन मास्टर्स, फी पावणेदोन लाख. करू का, आणि पाटीवर लिहून स्पेशालिस्ट म्हणवता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पैसे तिथेच बुडतात. एवढ्या मास्टर्सवर स्पेशालिस्ट म्हणवता येणार नाही. आपल्याकडे एमडी ऑनलाइन होतच नाही. यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2020 च्या नियमांनी वैद्यक, दंतवैद्यक, फार्मसी, नर्सिंग, फिजिओथेरपी हे विषय दूरशिक्षण आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांतून वगळलेत. 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र आणि पोषण-आहारशास्त्रही त्यात गेलं. परदेशातलं विद्यापीठ खरं असेल, शिकवणं उत्तम असेल, पण डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे ती पदवी अतिरिक्त पात्रता म्हणून नोंदली जाते का, हे फी भरायच्या आधी कौन्सिललाच लेखी विचारा. आणि फोनवर ‘मॅडम, एमडीच्या तोडीची आहे’ म्हणणाऱ्याला हेच वाक्य ई-मेलवर पाठवायला सांगा. बहुतेक तो पाठवणार नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. चोपड्याला प्रॅक्टिस सुरू करून सहा वर्षं झाली होती, तेव्हा एका खासगी संस्थेची मधुमेहाची ऑनलाइन फेलोशिप मी घेतली. आधीच रेकॉर्ड केलेली व्याख्यानं, पर्याय निवडायची परीक्षा, नापास झालात तर लगेच पुन्हा द्या. सर्टिफिकेट कुरिअरने आलं आणि मी पाटी रंगवून घेतली, ‘मधुमेहतज्ज्ञ’. दोन महिन्यांनी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून मुलगा वडिलांना घेऊन आला. उलट्या, खोल श्वास, तोंडाला तो ओळखीचा गोडसर वास, साखर पाचशेच्या पुढे, म्हणजे कीटोअ‍ॅसिडोसिस, मधुमेहातली जीवघेणी अवस्था. सलाइन आणि इन्सुलिन सुरू करून मी त्यांना अँब्युलन्सने जळगावला पाठवलं. म्हातारबाबा वाचले. पण निघताना मुलगा म्हणाला, ‘‘पाटीवर वाचून मोटारसायकलवर बसवून तुमच्याकडेच आणलं, नाहीतर सरळ जळगावच गाठलं असतं.’’ त्या माणसाचा दीड तास माझ्या पाटीने खाल्ला. त्याच आठवड्यात ‘मधुमेहतज्ज्ञ’ पुसायला मी पेंटरला बोलावलं.

तरीही ऑनलाइन शिकू नका असं मी म्हणत नाही, ताई. उलट खान्देशातल्या डॉक्टरला त्याची गरज पुण्या-मुंबईच्या डॉक्टरपेक्षा जास्त आहे. तिथे संध्याकाळी व्याख्यान ऐकून रात्री घरी जाता येतं. आपण एका कॉन्फरन्सला गेलो की दोन दिवस दवाखाना बंद.

मला खरा फायदा झाला तो नंतर केलेल्या फॅमिली मेडिसिनच्या दूरशिक्षण डिप्लोमाचा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने (सीएमसी) असे कोर्स वर्षानुवर्षं चालवलेत. घरी अभ्यास, आणि मधूनमधून प्रत्यक्ष हजर राहायचं, पेशंट तपासून दाखवायचा, चुकलात की समोरचा तिथेच थांबवतो. पायाची संवेदना तपासायचा 10 ग्रॅमचा मोनोफिलामेंट पायाला कसा आणि किती वेळ टेकवायचा हे मी तिथे शिकलो. तो नायलॉनचा तंतू इन्सुलिनच्या एका पेनपेक्षा स्वस्त. आमच्याकडे केळीच्या बागेत दिवसभर ओल्या मातीत अनवाणी काम करणारी माणसं येतात. ‘‘डाक्टर, मना पाय बधीर व्हई गया,’’ असं कुणी म्हणेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं, कारण काटा रुतला तरी त्यांना कळत नाही. आता प्रत्येक मधुमेही पेशंटची चप्पल मी काढायला लावतो. त्या डिप्लोमाचं नाव पेशंटपैकी कुणाला माहीत नाही.

तुमच्या नंदुरबार जिल्ह्यात याहून जवळचा विषय सिकलसेलचा, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा. धडगाव-अक्कलकुव्याकडची कुटुंबं शहाद्याला येतातच. सोल्युबिलिटी टेस्ट ही त्याची प्राथमिक तपासणी पॉझिटिव्ह आली तर माणूस वाहक आहे की आजारी, हे त्या टेस्टवरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली हिमोग्लोबिनची तपासणी लागते. एएसवाल्या, म्हणजे फक्त वाहक असलेल्या धडधाकट पोरीला ‘आजारी’ म्हणून लग्नाला नकार आलेला मी पाहिलाय, आणि एसएसवालं, म्हणजे खरोखर आजारी पोर नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर काढलेलंही पाहिलंय. हायड्रॉक्सियुरिया हे त्यावरचं औषध कुणाला सुरू करायचं, रक्ततपासणी किती दिवसांनी, हे नीट शिकवणारा चार-सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स तुमच्या ओपीडीत त्या पावणेदोन लाखांच्या मास्टर्सपेक्षा जास्त कामाला येईल. असा कोर्स कौन्सिलची मान्यता असलेला निवडला तर क्रेडिट पॉइंटही मिळतात, आणि रजिस्ट्रेशनच्या नूतनीकरणाला पाच वर्षांत 30 तुम्हाला लागणारच आहेत.

हाताने करायच्या गोष्टी मात्र स्क्रीनवर शिकायच्या नादी लागू नका. सोनोग्राफीचे ऑनलाइन डिप्लोमे जोरात विकले जातात. पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याच्या 2014 च्या नियमांप्रमाणे एमबीबीएसला सहा महिन्यांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण मान्य केंद्रातच घ्यावं लागतं. ऑनलाइन कागदावर मशीनची नोंदणी होत नाही, आणि तो कायदा कुणाची गय करत नाही.

पब्लिक हेल्थची गोष्ट वेगळी. पुढे प्रॅक्टिस सोडून एखाद्या संस्थेत, कुपोषणाच्या किंवा माताबालआरोग्याच्या प्रकल्पात काम करायचा विचार असेल, तर चांगल्या विद्यापीठाची ऑनलाइन एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ) खरोखर उपयोगी आहे, कारण तिथलं बरंचसं काम आकडे, आराखडे आणि लिखाणाचंच असतं. फक्त ज्या नोकरीवर डोळा आहे तिच्या जाहिरातीतली पात्रता आधी वाचा.

आणि मनात अजून स्पेशालिस्टच व्हायचं असेल, तर ते मनातच ठेवू नका. एनबीई या राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या दोन वर्षांच्या डिप्लोमा सीट 2020 पासून एमबीबीएसनंतर आहेत, फॅमिली मेडिसिनही त्यात आहे. प्रवेश नीट पीजीतूनच, राहावं लागतं हॉस्पिटलात. मुलं लहान असताना ते किती जड आहे हे मला माहीत आहे. माझी बायको डॉक्टर आहे आणि तिने धाकटा पहिलीत गेल्यावर पीजी केलं. दोन वर्षं सासूबाई आमच्याकडे राहिल्या.

सध्या एवढं करा. महिनाभर रोज रात्री, आज ज्या पेशंटला काय द्यावं ते कळलं नाही किंवा पुढे पाठवावं लागलं, त्याची एक ओळ वहीत लिहा. महिन्याने ती यादी इथे टाका, मग कुठला कोर्स ते आपण मिळून ठरवू. तोवर फी भरू नका.