बोआ पाळायचाय, पण पुढे सोलापूरला परतायचंय

ताई, तुम्ही मूळच्या सोलापूरच्या, सध्या इंग्लंडमध्ये लीड्सला, मुलगा १५ वर्षांचा आणि त्याला बोआ कन्स्ट्रिक्टर हा साप पाळायला हवाय. पाच-सहा वर्षांनी परत यायचंय, तेव्हा त्यालाही घेऊन जाऊ असं तो म्हणतोय. मी हे शेवटचंच आधी घेते, कारण सगळं तिथेच अडतंय. सोलापूरला आणता येणार नाही असंच धरून चाला.

बोआ नीट सांभाळला तर २०-२५ वर्षं जगतो, म्हणजे मुलगा चाळिशीला आला तरी साप आहेच. कुत्रं-मांजर परत येताना सोबत आणायची सोय आहे, सापाचं तसं नाही, बोआ साइट्सच्या (वन्य प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात येतो, त्यामुळे तिकडची परमिट, इकडचं आयात लायसन्स, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंदणी, एवढं सगळं लागतं. आणि समजा कागद झालेही, तरी एप्रिल-मेमधलं आपलं ऊन तुम्हाला माहितीये, पारा चाळिशीच्या वर, हवा कोरडीठाक, त्यात लाइट गेली तर काय करणार? लीड्सला सापाची पेटी गरम करणं सोपं आहे, सोलापुरात ती गार ठेवणं फार अवघड. म्हणून आत्ताच ठरवा, परत येताना साप कुणाकडे द्यायचा. मोठा सात-आठ फुटी बोआ घ्यायला माणसं पटकन तयार होत नाहीत.

इतकं ऐकूनही मुलगा ठाम असेल तर मी नाही म्हणणार नाही, विषारी नाही, नीट हाताळला तर शांत प्राणी आहे. पण इंग्लंडमध्ये १६ वर्षांखालच्या मुलाला प्राणी विकतच नाहीत, म्हणजे कायद्याने जबाबदारी तुमची आणि साहेबांची, हे लक्षात असू द्या.

आता घर. मोठ्या बोआला निदान ६ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच लाकडी पेटी लागते, पुढे सरकती काच आणि काचेला कुलूप, कारण हा प्राणी नाकाने काच ढकलत राहतो आणि जरा फट मिळाली की बाहेर. एक टोक ३१-३२ डिग्री, दुसरं २६-२७, दोन्हीकडे अंग चोपून बसेल अशी लपायची जागा. हीटर कुठलाही घ्या, थर्मोस्टॅटशिवाय (तापमान आपोआप राखणारं यंत्र) लावायचा नाही म्हणजे नाही. आणि बल्ब आत असेल तर त्याला जाळी हवीच, साप ऊब मिळते म्हणून गरम बल्बला वेटोळं घालून बसतो, चामडी भाजते तरी हलत नाही. गरम होणारे नकली दगड मिळतात ते याच कारणासाठी घेऊ नका. दमटपणा ६०-७० टक्के ठेवा, हिवाळ्यात सेंट्रल हीटिंगने हवा सुकते आणि मग कात तुकड्या-तुकड्यांत निघते, तेव्हा पाण्याचं भांडं मोठंच ठेवा.

खाणं म्हणजे फ्रोजन उंदीर, कोमट पाण्यात बर्फ उतरवून लांब चिमट्याने द्यायचा, मायक्रोवेव्ह नको. घर शाकाहारी आहे म्हणालात, तर छोटा वेगळा फ्रीझर घ्या, रोजची कटकट वाचेल. पिल्लाला आठ-दहा दिवसांनी, मोठ्याला तीन-चार आठवड्यांनी एकदा. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही, ओकून टाकतो. हाताळून झालं की साबणाने हात धुवायचे, सापाच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असतो, धाकटी चार वर्षांची आहे तिला पेटीजवळ एकटी सोडू नका.

सासूबाई श्रावणात तिकडे येतायत ना, त्यांना आधीच फोनवर सांगा की नागपंचमीला पेटीत दूध ठेवायचं नाही, सापाला ते पचत नाही, पूजा बाहेरूनच करा म्हणावं, त्या ऐकतील.

आणि साप आणायच्या आधी पेटी आठवडाभर रिकामीच चालू ठेवा, रात्री आणि पहाटे दोन्ही टोकांचं तापमान मुलाला वहीत लिहायला लावा, आकडे टिकले की मगच आणायला जा.