के५६२ मरत नाहीत? आधी बफर बघा

नाशिकहून तुम्ही पोस्टमध्ये लिहिलंय: एनके (नॅचरल किलर, रोगट पेशी मारणाऱ्या रक्तातल्या) पेशी जिवंत, त्यांचं आणि के५६२ या ल्युकेमियाच्या टार्गेट पेशींचं प्रमाण (इफेक्टर-टार्गेट) २०:१, तरी चार तासांनी किलिंग ६ टक्के, आणि गाइड म्हणतात ‘डोनर (रक्त देणारा) कमजोर असेल’. तुमची पोस्ट वाचून माझी जुनी वहीच उघडल्यासारखं झालं. मीही नाशिकमध्येच एमएस्सी करताना वर्गातल्या नऊ जणांचं रक्त घेऊन बसले होते. किट विकणाऱ्या कंपनीला तीनदा मेल केला, तिन्ही वेळा तीच पीडीएफ आली. चार महिने गेले.

दोष डोनरचा नव्हताच. पेशींचे गोळे होऊ नयेत म्हणून पेशी धुण्याच्या आमच्या द्रावणात, म्हणजे बफरमध्ये, २ मिलीमोलर ईडीटीए (कॅल्शियम धरून ठेवणारं रसायन) असायचं. धुण्यापुरतं ठीक, पण मी एनके त्याच बफरमध्ये मोजून तशाच प्लेटमध्ये टाकायचे, अर्धं बफर, अर्धं मीडियम (पेशी वाढवायचं द्रावण). म्हणजे प्लेटच्या प्रत्येक खळग्यात, वेलमध्ये, ईडीटीए १ मिलीमोलर. आरपीएमआय-१६४० या आमच्या मीडियममध्ये मुळात कॅल्शियम जेमतेम ०.४ मिलीमोलर, तेही निम्म्यावर आलेलं. सगळं ईडीटीएनं धरून ठेवलं. एनकेला ग्रॅन्यूल (मारक प्रथिनांच्या पिशव्या) बाहेर टाकायला कॅल्शियम लागतं, आणि त्यातल्या परफोरिन या प्रथिनाला टार्गेटच्या पडद्यावर बसून छिद्र पाडायलाही. छिद्रच नाही तर टार्गेटला मारणारं ग्रॅन्झाइम आत जाणार कुठून? ट्रायपॅन ब्लूमध्ये (मेलेल्या पेशी रंगवणाऱ्या रंगात) एनके छान दिसतात, म्हणून संशयच येत नाही.

सायटोटॉक्सिक टी पेशीचंही हत्यार हेच, फक्त तिला टार्गेटच्या पृष्ठभागावरच्या एमएचसी-१ या प्रथिनावर आपला पेप्टाइड (प्रथिनाचा तुकडा) दिसावा लागतो. के५६२ वर एमएचसी-१ जवळपास नसतो, म्हणून तर त्या एनकेसाठी वापरतात. फॅसचा मार्ग (टार्गेटवरच्या फॅस या रिसेप्टरमधून मरणाचा संदेश देणं) बाहेरच्या कॅल्शियमवाचूनही चालतो, पण तो संथ. चार तासांत त्यावर भिस्त ठेवू नका. मॅक्रोफेज ही पेशी गिळून मारते, तिथे हा अ‍ॅसे (चाचणी) लावूच नये. सगळ्यांना ‘किलर’ म्हणून एका तक्त्यात कोंबणाऱ्या नोट्सचा मला खरंच राग येतो.

मी फक्त प्रयोगाबद्दल बोलतेय, पेशंटच्या रिपोर्टचा अर्थ यावरून लावू नका. आणि तुमचं बफर मी पाहिलेलं नाही. तरी उद्या एनके दोनदा साध्या मीडियममध्ये धुऊन तीच प्लेट लावा, शेजारच्या वेल्समध्ये मुद्दाम ईडीटीए घाला. एलडीएच (फुटलेल्या पेशीतून बाहेर येणारं एन्झाइम) मोजत असाल तर लाल पेशी नीट काढा, त्या फुटल्या की बॅकग्राउंड चढतं. स्पॉन्टेनियस (एनकेशिवाय आपोआप) आणि मॅक्झिमम (सगळे टार्गेट फोडून) रिलीजचे आकडेही इथे टाका, नुसत्या टक्क्यांवरून काही कळत नाही.