प्रेशर नॉर्मल, तरी काचबिंदू कसा?

तुमचे प्रश्न तीन आहेत: वडिलांचं डोळ्याचं प्रेशर १७ असूनही त्यांना काचबिंदू सांगितला, मावशीचं २५ असूनही डॉक्टर 'नुसतं लक्ष ठेवू' म्हणाले, आणि मुलगा सारखा डोळे चोळतो, तर प्रेशर वाढून त्यालाही हे होईल का. मी बरीच वर्षं डोळ्यांच्या तपासणीचं काम करतो, आणि पहिले दोन प्रश्न नेहमी कानावर येतात. तिन्हींची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत. दाब किती आहे एवढं कळून भागत नाही. तो दाब सोसणारा भाग किती दणकट आहे, हेही बघावं लागतं.

डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा एक द्राव सतत तयार होतो, मिनिटाला साधारण २ ते ३ मायक्रोलिटर (याचा अश्रूंशी काही संबंध नाही). बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून तो झिरपून रक्तात जातो. हा निचरा मंदावला की दाब चढतो. १० ते २१ (मिलिमीटर पारा) हा जो 'नॉर्मल' पट्टा सांगतात, तो बहुतेक निरोगी लोकांचं प्रेशर त्यात सापडतं म्हणून ठरलेला आहे. २१ च्या खाली नस (डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी, काचबिंदूत खराब होते ती) सुरक्षित, असा त्याचा अर्थ होत नाही.

आता वडिलांचा डोळा. नस जिथून बाहेर पडते तिथे डोळ्याच्या जाड पांढऱ्या भिंतीला जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचं भोक असतं. ते मोकळं नसतं. कोलॅजन या चिवट प्रथिनाच्या पातळ पट्ट्या एकीवर एक बसून तिथे एक चाळणी तयार झालेली असते, तिला लॅमिना क्रिब्रोसा म्हणतात. पडद्यावरून आलेले दहा लाखांच्या आसपास मज्जातंतू या चाळणीच्या छिद्रांतून मेंदूकडे जातात. आतून डोळ्याचा दाब आणि मागून मेंदूभोवतीच्या द्रावाचा दाब, या दोहोंमधल्या फरकानं ती मागे झुकते. शिवाय दाबामुळे डोळ्याची सगळीच भिंत ताणलेली असते आणि भिंतीला जिथे भोक आहे तिथे, त्याच्या कडेवर, तो ताण एकवटतो. पट्ट्या सरकतात, छिद्रांचा आकार बिघडतो, आतले तंतू चिमटले जातात, त्यांच्यातून चालणारी पोषक द्रव्यांची ने-आण अडते, रक्तपुरवठाही कमी पडतो. वरच्या आणि खालच्या टोकाला छिद्रं मोठी आणि आधार कमी असतो, म्हणून काचबिंदूत बहुधा आधी तिथलेच तंतू जातात. फील्ड टेस्टच्या (नजरेचा आवाका तपासणाऱ्या चाचणीच्या) कागदावर धनुष्याकृती काळा डाग दिसतो, त्याचं कारण हेच.

ही चाळणी प्रत्येकाची सारखी नसते. काहींची मुळातच नाजूक असते, वयानं तिचा लवचिकपणाही कमी होतो. वडिलांना मोठा मायनस नंबर आहे का? तुम्ही लिहिलेलं नाही, पण ते महत्त्वाचं आहे. तशा डोळ्याची लांबी जास्त आणि भिंत पातळ असते. दाब तेवढाच राहिला तरी गोल मोठा आणि भिंत पातळ झाली की भिंतीवरचा ताण वाढतो. म्हणून १७ हा आकडा एका डोळ्याला काहीच करत नाही आणि दुसऱ्याची नस खातो.

'नॉर्मल असताना प्रेशर उतरवणारे थेंब कशाला' ही वडिलांची तक्रार असेल तर ती मला समजते. पण चाळणी मजबूत करणारं औषध आज आपल्या हातात नाही, भार कमी करणं हातात आहे. नॉर्मल प्रेशरच्या काचबिंदूवरचा १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यास हेच सांगतो: दाब ३० टक्क्यांनी उतरवलेल्या डोळ्यांत नुकसान पुढे सरकण्याचं प्रमाण बरंच कमी राहिलं. तेव्हा थेंब बंद करू देऊ नका. ते शीर्षासन करत असतील तर ते मात्र थांबवा, त्या स्थितीत प्रेशर जवळजवळ दुप्पट होतं.

मावशीच्या बाबतीत आधी मोजणी कशी होते ते बघा. डोळ्यात पिवळा थेंब टाकतात, निळ्या उजेडात एक छोटं टोक कॉर्नियाला (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराला) टेकवतात, आणि तपासणाऱ्याला दोन हिरवी अर्धवर्तुळं दिसतात. त्यांच्या आतल्या कडा एकमेकींना भिडेपर्यंत चकती फिरवायची. तेव्हा कॉर्नियाचा ३.०६ मिलिमीटर व्यासाचा भाग सपाट झालेला असतो. म्हणजे आपण कॉर्निया दाबायला किती जोर लागला ते मोजतो आणि त्यावरून आतला दाब काढतो. कॉर्निया जाड असेल तर जोर जास्त लागतो आणि आकडा फुगतो; पातळ असेल तर आकडा फसवा कमी येतो. सरासरी जाडी ५४० मायक्रॉनच्या आसपास असते. मावशीची पॅकिमेट्री, म्हणजे कॉर्नियाच्या जाडीची मोजणी, झाली आहे का ते विचारा. प्रेशर जास्त पण नस शाबूत, अशा लोकांवरच्या २००२ मधल्या अभ्यासात पाच वर्षांत उपचार न केलेल्यांपैकी ९.५ टक्क्यांना काचबिंदू झाला, थेंब घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्क्यांना. पातळ कॉर्नियावाल्यांना धोका जास्त दिसला. नस, ओसीटी (तंतूंच्या थराची जाडी दाखवणारं स्कॅन) आणि फील्ड व्यवस्थित असतील तर 'लक्ष ठेवू' हा विचारपूर्वक दिलेला सल्ला आहे. मात्र पुढच्या तारखा चुकवायच्या नाहीत.

मुलाची काळजी मला सगळ्यात जास्त वाटते, पण काचबिंदूसाठी नव्हे. चोळताना प्रेशर क्षणभर उसळतं हे खरं, पण खरा मार बसतो तो कॉर्नियावर. बोटांच्या सांध्यांनी जोरात, वर्षानुवर्षं चोळण्याचा केराटोकोनस या कॉर्नियाच्या आजाराशी जवळचा संबंध आहे. ज्यांचं कॉर्नियाचं कोलॅजन मुळातच कमकुवत आहे, त्यांचा कॉर्निया त्या ठिकाणी पातळ होतो आणि आतल्या नेहमीच्याच दाबानं पुढे फुगतो. सिलिंडरचा नंबर दर खेपेला वाढणं, चष्मा लावूनही अक्षरं दुहेरी किंवा ओढल्यासारखी दिसणं ही खूण समजा आणि कॉर्नियल टोपोग्राफी (कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा) करून घ्या. साध्या नंबर तपासणीत हे सुरुवातीला निसटतं. मुलांत हा आजार मोठ्यांपेक्षा वेगानं वाढतो, म्हणून वाट पाहू नका. इथे नसेपेक्षा परिस्थिती बरी आहे, कारण कॉर्निया घट्ट करता येतो: रायबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील ए किरण वापरून कोलॅजनचे दुवे वाढवतात, त्याला क्रॉस-लिंकिंग म्हणतात. त्यानं बहुतेकांचा आजार आहे तिथे थांबतो, गेलेला आकार मात्र पूर्ण परत येत नाही. आणि नुसतं 'चोळू नकोस' म्हणून खाज जात नाही. ॲलर्जीचे थेंब डॉक्टरांकडूनच घ्या. मनानं स्टेरॉइडचे थेंब आणून घालू नका. त्यांनी खाज लगेच थांबते, पण काही मुलांत प्रेशर खरोखरच चढतं.