वडील पडले त्याला तीन आठवडे झाले, आता विसरतात आणि झोपून राहतात. गणपतीनंतर दाखवलं तर चालेल का?

नाही, चालणार नाही. आजच न्या, आणि जिथे सीटी स्कॅन होतो तिथेच न्या.

तुमचा प्रश्न लांब आहे, म्हणून वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. वडील ७१ वर्षांचे, घर देवगडच्या बाजूला. मागच्या पडवीच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरले आणि डोकं चिऱ्यावर आपटलं. रक्त आलं नाही, टेंगूळ आलं ते बसलं. अँजिओप्लास्टी झालेली असल्यामुळे रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. मधले दिवस अगदी बरे गेले. आता चारेक दिवस झाले, जेवले की नाही ते आठवत नाही, पेपर उघडून नुसते बसतात, दिवसाही झोप, आणि चालताना डाव्या पायातली चप्पल निसटून मागे राहते, ते त्यांना कळतही नाही. काका म्हणतात वय झालं, गणपती तोंडावर आलेत, ते झाले की बघू.

मी कोकणातल्या एका रुग्णालयात अपघात विभागात सिस्टर होते, आता निवृत्त आहे. मी डॉक्टर नाही आणि इथे बसून निदानही करत नाही. पण चपलेपर्यंत वाचलं आणि पुढचं वाचायच्या आधी उत्तर लिहायला घेतलं. वयाने येणारं विसरणं हळूहळू येतं, त्याला वर्षं लागतात. चार दिवसांत एकाच पायातली चप्पल सुटायला लागली तर ते वय नव्हे. महिन्याभरात डोकं आपटलेलं असेल आणि माणसाची एक बाजू अशी सुस्त पडायला लागली, तर पहिला संशय मेंदूवर साठलेल्या रक्ताचा घ्यायचा. डावा पाय ओढतोय म्हणजे बहुधा उजव्या बाजूला.

तीन आठवडे कुठे होतं हे रक्त, असं तुमचे काका विचारतील. वयाबरोबर मेंदू थोडा आकसतो आणि कवटी व मेंदू यांच्यात जागा वाढते. त्या जागेतून मेंदूवरच्या बारीक शिरा वरच्या आवरणाकडे जातात, त्या ताणल्या जातात. मग साधा धक्काही पुरतो. शीर फाटते, पण शिरेतल्या रक्ताला जोर नसतो, त्यामुळे ते ठिबकत राहतं. त्या साठलेल्या रक्ताभोवती शरीर पातळ पापुद्रा तयार करतं, त्यात नव्या नाजूक रक्तवाहिन्या येतात, त्याही झिरपतात. असं करत ते आठवड्यांनी वाढतं. म्हातारं माणूस त्या जास्तीच्या जागेमुळे बरेच दिवस काही दाखवत नाही, आणि जागा संपली की चार दिवसांत सगळं दिसायला लागतं. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन या रक्त पातळ करायच्या गोळ्यांपैकी काही चालू असेल किंवा रोजची दारू असेल तर हा धोका आणखी वाढतो. कित्येकांना आपण कधी पडलो तेही आठवत नाही. माडाच्या झावळीचा मार, नाहीतर माळ्यावर चढताना आढ्याला बसलेला टोला, एवढंही निमित्त पुरतं.

पडल्या दिवशी सीटी काढला असता आणि तो नॉर्मल आला असता, तरीही आज पुन्हा काढा असंच मी म्हटलं असतं. पहिल्या दिवशी जे नव्हतं ते तिसऱ्या आठवड्यात असू शकतं.

स्कॅनला काही मिनिटं लागतात. ताजं रक्त त्यात पांढरं दिसतं आणि आठवडे गेले की काळपट होतं. कवटीच्या आतल्या कडेला चंद्रकोरीसारखा पट्टा दिसला की समजायचं. ऑपरेशन म्हटलं की घरात रडारड सुरू होते, म्हणून सांगून ठेवते, यात बहुतेकदा कवटी मोठी उघडावी लागत नाही. एक-दोन छोटी भोकं पाडून ते जुनं पातळ रक्त बाहेर काढतात, कधीकधी तेवढाच भाग बधिर करूनही करतात. माणसं भराभर सुधारलेली मी पाहिली आहेत. काहींना पुन्हा साठतं आणि पुन्हा काढावं लागतं, हेही खरं. रक्त थोडं असेल तर नुसतं लक्ष ठेवूनही चालतं, पण ते न्यूरोसर्जनने ठरवायचं, काकांनी नाही. आणि कदाचित हे रक्त नसेलच. सोडियम कमी झालं तरी म्हातारी माणसं अशीच वागतात, साखर उतरली तरी, अर्धांगाचा छोटा झटका येऊन गेला तरी. यातलं कुठलंही दुखणं गणपती होईपर्यंत थांबणारं नाही.

जायच्या आधी फोन करून मशीन चालू आहे का विचारा. तुमच्याकडून शस्त्रक्रियेसाठी गोव्यातलं बांबोळी नाहीतर कोल्हापूर, आणि दोन्ही वाटा तुम्हाला माहीत आहेत. घाटात दरड आली की काय होतं ते सांगायला नको. गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत महामार्गावर चाकरमान्यांच्या गाड्यांची जी रांग लागते, तिच्यात ॲम्ब्युलन्सही अडकते. आज त्यांना हाताला धरून गाडीत बसवता येतंय. हाक मारून उठेनासे झाले, उलट्या सुरू झाल्या किंवा फिट आली, तर वाट न बघता १०८.

गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घ्या. आजची रक्त पातळ करायची गोळी द्यायच्या आधी ज्यांनी ती चालू केली त्या डॉक्टरांना फोन करा, स्वतःच्या मनाने देऊही नका आणि बंदही करू नका. अपघात विभागात पोहोचल्यावर "बाबांना अशक्तपणा आलाय" अशी सुरुवात केलीत तर सलाईन लावून बाकावर बसवतील. पहिलं वाक्य हे: "अमुक तारखेला डोकं आपटलं, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, डावा पाय चार दिवसांपासून ओढतायत."

आता तरुण माणसांचं, कारण खाली कुणीतरी विचारलंय की मार लागल्यावर शुद्ध आली म्हणजे धोका टळला ना.

टळला असं नाही. कानशिलाकडचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून एक धमनी जाते. तिथे हाड तडकलं आणि धमनी फाटली तर रक्त जोराने साठतं, आठवडे नाही, काही तासांत. मधल्या वेळात माणूस चक्क बोलतो, चालतो. माझ्याकडे एक तरुण खलाशी आला होता, बोटीवर कप्पी सुटून कानाच्या वर बसली होती. स्वतः चालत आला. चहा मागितला, प्यायला. "माका काय होऊक नाय, मलम द्या फक्त." मग विचारलं, "माझो मोबाईल खंय?" मोबाईल त्याच्या हातातच होता. दाखवला, हसला, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आमच्या डॉक्टरांनी घाटावर हलवायची चिठ्ठी लिहिली. वाटेत तो बेशुद्ध झाला, रात्रीच ऑपरेशन झालं, वाचला. नंतर टाके दाखवायला आला तेव्हा चहा प्यायल्याचं त्याला आठवत नव्हतं.

क्रिकेट बघणाऱ्यांना भारताचा फलंदाज रमण लांबा आठवत असेल. फेब्रुवारी १९९८, ढाक्यातला क्लब सामना, हेल्मेट न घालता फॉरवर्ड शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ, उभा. चेंडू डोक्याला लागला, लांबा मैदानातून बाहेर गेला, नंतर बेशुद्ध पडला, आणि तीन दिवसांनी गेला. ३८ वर्षांचा होता.

म्हणून पहिला दिवसभर बघायचं ते जखमेकडे नाही, माणसाकडे. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, एकच गोष्ट परत परत विचारणं, जीभ जड होणं, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं काही येणं, कानामागे काळंनिळं पडणं, यातलं एक जरी दिसलं तरी निघायचं. दवाखान्यात तुम्हाला "जीसीएस किती" असं ऐकू येईल. माणूस किती शुद्धीवर आहे याची, १९७४ मध्ये ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी केलेली ही मोजणी आहे. डोळे, बोलणं आणि हातापायांची हालचाल बघून गुण देतात, पूर्ण १५ आणि कमीत कमी ३. एका वेळच्या आकड्यापेक्षा तो उतरतोय का हे महत्त्वाचं. १५ चे १३ झाले की आम्ही धावायला लागायचो.

टेंगूळ बाहेर आलं म्हणजे आत काही नाही, हे खोटं. ते कातडीखालचं रक्त, आतलं त्याला विचारून साठत नाही. झोपूच द्यायचं नाही, हेही तसं नाही. डॉक्टरांनी तपासून घरी सोडलं असेल तर झोपू द्या, पहिल्या रात्री मध्ये मध्ये उठवून नाव-गाव विचारा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, फिट आली तर कांदा नको आणि चप्पलही नको, कुशीवर वळवा आणि मान सांभाळा. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल चालेल, बाकीच्या दुखण्याच्या गोळ्या आणि इंजेक्शनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत. एकदाच डोकं आपटलं तर शिंगं येतात म्हणून पोरं दुसऱ्यांदा आपटून घेतात, त्यांना मात्र मी कधी अडवलं नाही, ते हळू आपटतात.

स्कॅन स्वच्छ आला तरी मेंदूला हिसका बसलेला असू शकतो, तो स्कॅनमध्ये दिसत नाही. पुढचे काही दिवस डोकं जड, उजेड नको, चिडचिड, वाचलेलं लक्षात न राहणं. याला औषध असं नाही. एक-दोन दिवस खरी विश्रांती, मोबाईल कमीत कमी, मग हळूहळू रोजचं काम, आणि त्रास वाढला तर एक पायरी मागे. बहुतेक मोठी माणसं दोन आठवड्यांत सावरतात, पोरांना जास्त वेळ लागतो. शाळेत कळवा, नाहीतर मास्तरांना वाटतं पोरगं टाळाटाळ करतंय.

आपल्याकडे क्रिकेटपेक्षा मला भीती कबड्डीची. पकडीत गुडघा कानशिलावर बसतो, पोरगं उठतं, कुणीतरी डोक्यावर पाणी ओततं आणि "चल, चढाईला जा" म्हणून पाठवतं. पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर कोवळ्या वयात मेंदूला एकदम सूज येऊ शकते. क्वचितच होतं, पण झालं तर हातात फार काही राहत नाही. क्रिकेटमध्ये २०१९ पासून डोक्याला मार बसलेल्याच्या जागी बदली खेळाडू चालतो. गावच्या स्पर्धेत तर बाकावर बदली पोरं असतातच, त्यातलं एक उतरवा आणि मार लागलेल्याला त्या दिवशी परत मैदानात सोडू नका, मग तो सामना अंतिम का असेना.